भाडेकरारावर सासूबाईंचा अंगठा

मी खारघरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात बसते, ॲडमिशनच्या खिडकीवर. जून उजाडला की समोर पोरांची रांग लागते आणि मी त्यांना भराभर परत पाठवते. "डोमिसाइल कुठाय? झेरॉक्स नको, ओरिजिनल दाखव. हा शिक्का पुसट आहे, नवा मारून आण." पोरं पाठीमागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. एकदा लाइट गेली, पंख्याचा आवाज थांबला, तेव्हा अगदी स्पष्ट ऐकू आलं. मला त्याचं काही वाटत नाही. कागद नाही तर काम नाही, हा माझा बाणा. आणि ही बाणेदार बाई संध्याकाळी स्कूटरवरून ज्या घरी परतते, त्या घरात आठ खोल्या भाड्याने दिलेल्या आणि एकाही खोलीचा करार नाही! एकाही! हे आधीच सांगून टाकते, कारण कधी ना कधी ते बाहेर येणारच.

आमचं घर पावणे गावात, जुन्या गावठाणात. खाली आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि सासूबाई. वर दोन मजले, तिथे भाडेकरू. आजूबाजूच्या कंपन्यांत आणि वर्कशॉपात काम करणारी माणसं. कोणी खोली विचारायला आलं की सासूबाई ओट्यावर बसून मुलाखत घेणार. गाव कोणतं, आईबाप आहेत का, मासळी खाता का. खाणाऱ्याला खोली तिथल्या तिथे. न खाणाऱ्याला जरा विचार करून, कारण "नंतर वास येतो म्हनून बोंबलतील." मुलाखत झाली की चहा, आणि चहा झाला की माणूस सामान आणायला मोकळा. इतकी वर्षं असंच चाललं आणि खरं सांगायचं तर कधी कोणी फसवलं नाही, त्यामुळे कागदाची आठवण कुणाला यायची?

त्यात घराचा एकूण एक कागद सासऱ्यांच्या नावावर. लाइट बिल, पाणीपट्टी, घरपट्टी, सगळं. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. नाव बदलायचा विषय निघाला की सासूबाई विचारायच्या, "त्यांनी काय वाईट केलंय तुमचं?" विषय तिथेच बंद. लाइट बिल आलं की आधी सासऱ्यांच्या फोटोसमोर ठेवायचं आणि मग भरायचं, ही आमच्या घरची पद्धत. नव्या पाहुण्याला वाटायचं, कसली तरी पूजा चाललीय.

या पद्धतीने एकदा आमच्या नवऱ्याला चांगलंच तोंडघशी पाडलं. भाडेकरूंची पोलिसांकडे नोंद करा, असं सांगत गावातून रिक्षा फिरली होती. नवरा म्हणाला, मी करतो. फॉर्मवर 'मालकाचे नाव' होतं. ह्याने लाइट बिल पाहिलं आणि वडिलांचं नाव लिहिलं. खाली 'मालकाचा फोटो' होता. ह्याने भिंतीवरच्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढला, प्रिंट मारली आणि चिकटवली. हारासकट! चौकीतल्या हवालदारांनी फॉर्म वाचला आणि म्हणाले, "मालकांची सही राहिलीय. त्यांना पाठवून द्या."

"ते नाही येऊ शकत."

"का, आजारी आहेत?"

"नाही नाही, तसं काही नाही. ते गेले."

हवालदारांनी फॉर्म डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "अहो साहेब, हार तरी कापायचा!" मग त्यांनी फॉर्म परत दिला आणि सांगितलं, आधी घराचा मालक कोण ते घरात बसून ठरवा, रीतसर करार करा आणि मग या. नवरा घरी आला तो तोंड लपवत. मी पोट धरून हसले. हसण्यात तो आठवडा गेला, आणि घरात बसून ठरवायचं राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत सोलापूरकडचं एक जोडपं राहतं. तो वर्कशॉपात लेथ मशीन चालवतो, ती एका कंपनीत पॅकिंगला जाते. त्यांची पोरगी सहा वर्षांची. तोंडाची टकळी एक मिनिट बंद नाही. शाळा नसली की ती खाली सासूबाईंजवळ येऊन बसायची आणि त्या जवळा निवडायला लागल्या की प्रश्न सुरू. ह्याला डोळे किती? ह्याची आई कुठाय? हा झोपतो का? सासूबाई तिला "गप गो" म्हणायच्या आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तरही द्यायच्या. मला लग्नानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्यांनी इतकी उत्तरं दिली नव्हती.

एका शनिवारी संध्याकाळी त्या पोरीची आई खाली आली. दारातच उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "ताई, एक काम हुतं. न्हाई म्हनू नका."

पोरीला आरटीईतून शाळेत घालायचं होतं. खासगी शाळांत काही जागा गरिबांच्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या असतात, फी लागत नाही, फॉर्म भरायचा आणि मग सोडत निघते. जवळच्या चांगल्या शाळेत त्यांचं अंतर बसत होतं. वयही ह्याच वर्षी बसत होतं, पुढच्या वर्षी पोर मोठी ठरणार. सगळे दाखले तिने गोळा केले होते, अगदी पिशवीत नीट लावून. राहिला होता पत्त्याचा पुरावा. भाड्याने राहणाऱ्याला नोंदणी केलेला भाडेकरार लागतो, तोही फॉर्म भरायच्या आधीचा. शेवटची तारीख दहा दिवसांवर, मंगळवारी.

"अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?" मी आवाज चढवला. माझी सवय.

"भ्या वाटलं ओ ताई. कागद मागितला तर खोली खाली करा म्हनाल."

मला कानफटात बसल्यासारखं झालं. रोज मी खिडकीच्या आतून विचारते, कागद कुठाय. आज ती माझ्या दारात उभी होती, तिचे सगळे कागद पिशवीत होते, आणि नव्हता तो माझा. बरं, करार करून तो नोंदवायची जबाबदारी भाडेकरूची नसतेच. कायद्याने ती घरमालकाची. नाही नोंदवला तर दंड, वेळ आली तर तुरुंगही. हे मला माहीत होतं! कॉलेजच्या हॉस्टेलबाहेर राहणाऱ्या पोरांना मीच तर ऐटीत सांगते.

"होईल," मी म्हटलं. "मंगळवारच्या आत होईल. जा तू."

नाक्यावर भाडेकरार करून देणारा एक एजंट बसतो. रविवारी सकाळीच त्याला गाठला. त्याने घरपट्टी पाहिली आणि चष्मा वर केला. "मालक वारलेत. म्हणजे त्यांचे वारस लिहून देणार. मृत्यूचा दाखला जोडायचा आणि सगळ्या वारसांचे अंगठे घ्यायचे. कोण कोण आहे?"

"सासूबाई आणि माझा नवरा. मुलगा एकच."

"मुलगी?"

"ती लग्न होऊन नावड्याला गेलीय."

तो थांबला. पुढे काही येईल म्हणून वाट पाहू लागला. "म्हणजे नाहीये?"

"आहे हो. पण सासरी आहे."

"बघा हं मॅडम, नंतर भांडण नको," असं म्हणून त्याने दोन नावं टाइप केली. तेव्हा मला काहीच खटकलं नाही, उलट काम लवकर होईल म्हणून बरं वाटलं. शुक्रवारी घरी अंगठे घ्यायचं मशीन घेऊन येतो, म्हणाला. शुक्रवारी अंगठे झाले तर सोमवारी कागद हातात. जाताना त्याने एक यादी दिली. खोलीत पंखे किती, बल्ब किती, वायरिंग कसं, गिझर कुठला, सगळं पाहून लिहायचं, म्हणजे उद्या काही झालं तर मालक मोकळा राहत नाही आणि भाडेकरूही.

यादी घेऊन मी वर गेले आणि माझं डोकंच फिरलं. त्या बाथरूममध्ये गॅसचा गिझर, सिलिंडरही आतच, आणि वरच्या जाळीवर कोणीतरी पुठ्ठा ठोकलेला. "मच्छर येतात ओ ताई." अगं बाई, मच्छर चावले तर खाज सुटेल, कोंडलेल्या खोलीत गॅस गिझर लावून आंघोळ केलीस तर उठणारच नाहीस! पुठ्ठा मी तिथल्या तिथे उपटला. प्लंबर बोलावून गिझर आणि सिलिंडर बाहेर गॅलरीत काढायला लावले, जाळीला बारीक नेट बसवली. मग म्हटलं, आलेच आहे तर जिनाही बघू. तर गच्चीच्या दाराला कुलूप. हे कुलूप मला वीस वर्षं माहीत होतं. आत सासूबाईंचे बोंबील वाळत असतात आणि वरच्या भाडेकरूंवर त्यांचा विश्वास आहे, पण बोंबलांच्या बाबतीत नाही. आजूबाजूला इतक्या कंपन्या, उद्या खाली आग लागली तर ही सगळी माणसं वर पळणार आणि बोंबलांसाठी लावलेल्या कुलपाशी अडकणार. वीस वर्षं मी तेच कुलूप उघडून कपडे वाळत घालायला गेले आणि हे कधी डोक्यात आलं नाही. मी किल्ली मागितली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आनि एक जरी बोंबील कमी झाला तर?" मी म्हटलं, "तर मी भरून देईन." कुलूप निघालं, नुसती कडी राहिली.

इथवर सगळं माझ्या मनासारखं झालं. मग मी अंगठ्याचा विषय काढला.

"मी अंगठा देनार नाय," सासूबाई म्हणाल्या.

मी समजावलं. पोरीची शाळा आहे. "नाय." नोंद झाली नाही तर दंड होईल. "होवू दे." तुरुंगही होऊ शकतो. "मना जेलात कोन नेतंय, मना नाक्यापरत चालवत नाय." मी चिडले. म्हटलं, तुमच्या हट्टापायी त्या पोरीचं वर्ष जाईल, वर्ष कसलं, शाळाच जाईल. त्या उठून आत गेल्या आणि मोरीत भांडी घासायला बसल्या. आमच्याकडे राग आला की भांडी घासतात, मीसुद्धा घासते, त्यामुळे घरातली भांडी एरवी फार लखलखीत असतात.

मी मागोमाग गेले. भांडायलाच गेले होते. त्या मान वर न करता बोलायला लागल्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा ह्याच गावात शेती होती, खाडीच्या बाजूला मिठागर होतं. मग कंपन्यांसाठी जमीन हवी म्हणून एक दिवस सरकारचे कागद आले. त्यांच्या सासऱ्यांनी अंगठा दिला, इतरांनीही दिला. नवी नवरी म्हणून त्या दाराआड उभ्या होत्या. "कोनी वाचून दाखवला नाय गो. इतं ठेव अंगठा, म्हनले. त्यांनी ठेवला. मंग शेत गेलं, मीठ गेलं. त्या सालापासून मी ठरवलंय. आता हे घर हाय तेवरंच हाय."

माझं भांडण तिथेच विरलं. मी त्यांच्या शेजारी पाटावर बसले आणि एक पातेलं ओढून घासायला घेतलं. बराच वेळ आम्ही दोघी घासत होतो. मग मी विचारलं, "आई, मी वाचून दाखवला तर? पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. त्यात घर जातंय असं एक अक्षर जरी सापडलं तर मीच फाडून टाकेन."

त्यांनी हात धुतले. "आनि तू गालशील एकादी ओल तर?"

"घ्या! ओळ गाळून, तुमच्याशी खोटं बोलून ह्या घरात राहायचंय मला?"

हे त्यांना पटलं.

एजंटकडून मी कच्ची प्रत आणली आणि त्याच आठवड्यात मंगळवारी आणि बुधवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर भाडेकराराचं वाचन झालं. मी आयुष्यात इतके फॉर्म तपासले, पण एकही कागद असा पूर्ण वाचला नव्हता. सासूबाई दर ओळीला थांबवत होत्या. करार अकरा महिन्यांचा, असं वाचलं तर म्हणाल्या, "बाराव्या मयन्याला काय, माणसं झाडावर राहातात?" खोलीत पेट घेणारे पदार्थ ठेवू नयेत, असं वाचलं. "म्हंजे काय?" म्हटलं, थिनर, पेट्रोल असलं. त्या ताडकन उठल्या. "तो पैल्या माल्यावरचा रंगारी डबं भरून ठेवतो! बोलव त्याला!" रंगारी आला, त्याची खरडपट्टी झाली, डबे संध्याकाळीच त्याच्या गोडाउनला गेले, आणि मग पुढचं कलम.

मालकाने खोली पाहायला जायचं असेल तर आधी सांगून जावं, हे वाचल्यावर मात्र मला मनातून गुदगुल्या होत होत्या. सासूबाई कुणाच्याही खोलीत दार ढकलून शिरतात, भांड्याचं झाकण उचलतात आणि मीठ कमी आहे म्हणून सांगतात. "माज्या घरात मना सांगून जावा लागल?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, तसं लिहिलंय. त्यांनी ओट्यावरून वरच्या खोल्यांकडे पाहिलं. "बरोबर हाय," त्या शेवटी म्हणाल्या. "बाय मानूस आंघोलीला गेलेली असंल." घराची मालकी राहणाऱ्याकडे जाणार नाही, हे कलम त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

बुधवारी आम्ही शेवटच्या पानावर आलो. लिहून देणार. मी त्यांचं नाव वाचलं, मग नवऱ्याचं वाचलं आणि पान मिटलं.

"आनि पोरीचं?" त्या म्हणाल्या.

"कुठल्या पोरीचं?"

"माज्या. तिचं नाव कुटं हाय?"

मी म्हटलं, वन्सं सासरी आहेत, त्यांना कशाला त्रास. बोलता बोलताच माझा आवाज खाली आला. कारण त्रासबिस काही नव्हता. नाव घातलं की हिस्सा आला, हे गणित माझ्या डोक्यात होतं, एजंटने विचारलं तेव्हाही होतं. मी ते स्वतःलासुद्धा मोठ्याने सांगितलं नव्हतं, इतकंच. नवरा शेजारीच मोबाइल बघत बसला होता. त्यानेही मान वर केली नाही, म्हणजे त्याच्याही डोक्यात ते होतं.

"माज्या बापाच्या घरात माजं नाव कोनी घातलं नाय," सासूबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता, नुसतं सांगणं होतं. "मी इचारलंबी नाय. तिचं घाल. नाय तर माजा अंगठा नाय."

मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. मी गप उठले आणि एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "मी तुम्हाला विचारलं होतं मॅडम." विचारलं होतंच मेल्याने.

नणंदेला फोन केला तर आधी तिला वाटलं घरात काही वाईट झालं. मग वाटलं, हक्क सोडून द्यायला बोलावतायत. "सांग, कुटं सह्या करायच्या," ती लगेच म्हणाली. किती लगेच! एक शब्द न विचारता. मी म्हटलं, "वन्सं, सोडायला नाही, मालकीण म्हणून अंगठा द्यायला यायचंय."  "कोन मालकीन? मी?" आणि मग ती इतकी मोठ्याने हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. हसता हसता तिचा आवाज कापला तोही मला ऐकू आला.

शुक्रवारी एजंट दहाला येणार होता. नणंद आठलाच हजर. नऊवारी, गळ्यात सगळे दागिने, केसात गजरा आणि हातात सुकटीच्या चटणीचा डबा. "लग्न हाय का कुनाचं?" सासूबाईंनी विचारलं. "मालकीन हाय असं दिसाला नको का?" ती म्हणाली. मी कॉलेजात अर्धी रजा टाकली होती. वरचं जोडपं पोरीला घेऊन खाली आलं, पोरीला नवा फ्रॉक. एजंटने टीपॉयवर लॅपटॉप ठेवला आणि त्याला ते लहानसं मशीन जोडलं. बोट ठेवायचं, हिरवा लाइट लागला की झालं.

नवऱ्याचा अंगठा झाला. नणंदेने डोळे मिटून ठेवला, तिचा झाला. लेथवाल्याच्या अंगठ्यावर तेलाचं काळं बसलेलं, दुसऱ्या खेपेला तोही झाला. मग सासूबाई पुढे सरकल्या आणि त्यांनी हात मागे घेतला. "थांब. ह्यो तोच कागद ना? हिनं वाचला तोच?"

एजंट बिचारा घाईत होता, तरी त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मी तिन्ही नावं मोठ्याने वाचली. मालकीचं कलमही वाचलं, त्यांनी सांगायच्या आधीच. त्यांनी देवाकडे पाहावं तसं छताकडे पाहिलं आणि मशीनवर अंगठा टेकवला.

लाल लाइट.

पुन्हा. लाल. दुसरा अंगठा. लाल. एजंटने त्यांचा हात उजेडात धरला आणि म्हणाला, "आजी, रेषाच नाहीत." कुठून असणार? मिठागरात मीठ ओढलं, खाडीतली कालवं फोडली, हे घर बांधताना घमेली उचलली, आयुष्यभर मासळी साफ केली. हात असे गुळगुळीत झालेले की मशीनला तिथे माणूस आहे हेच कळेना.

गरम पाणी आणलं. खोबरेल लावलं, पुसलं. नणंद म्हणाली पावडर लाव, पावडर लावली. एकेक बोट, लाल, लाल, लाल. एजंट घड्याळ बघू लागला. आज नाही झालं तर आजींना घेऊन ऑफिसला यावं लागेल, म्हणाला, आणि मग सोमवार काही गाठत नाही. पोरीच्या आईने पिशवी छातीशी धरली होती, तिचे डोळे भरून आलेले. 

आणि सासूबाई! पाच दिवसांपूर्वी अंगठा देणार नाही म्हणणारी बाई आता मशीनवर खेकसत होती. "मेल्या, आता मी देतंय तर तू घेत नाय? घे! घे म्हनते ना!" बोट नुसतं टेकवत नव्हत्या, दाबत होत्या. एजंट म्हणाला, "आजी, हळू, मोडेल ते." नवरा खूप वेळाने बोलला. "आई, डावा हात दे. मधल्याच्या पलीकडचं बोट. त्याला काम कमी असतं."

डाव्या हाताची अनामिका राहिली होती खरी. त्यांनी ती ठेवली, ह्या वेळी हळूच. आम्ही सगळे त्या लाइटवर वाकलो.

हिरवा!

नणंदेने टाळ्या पिटल्या, लेथवाल्याने कपाळावरचा घाम पुसला आणि त्या पोरीने आजीच्या त्या बोटाचा मुका घेतला, खोबरेल आणि पावडरसकट. तोंड पांढरं झालं तिचं. एजंटने सासूबाईंचा फोटो काढायला कॅमेरा वळवला तेव्हा त्या पदर सावरून ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "हार नको हां मना." मग चहा झाला, चटणी आणि भाकरी झाली, आणि एजंटने तीन भाकऱ्या खाल्ल्या.

सोमवारी कागद आला. मंगळवारी दुपारी माझ्याच ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मी तो फॉर्म भरला. प्रत्येक कागद अपलोड करताना दोनदा तपासला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी कुणाचा फॉर्म भरताना देवाचं नाव घेतलं असेल.

सोडत लागायला बरेच दिवस गेले. मधल्या काळात पोरीची आई रोज जाता येता माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवायचे, नाही अजून. एका सकाळी तिच्या मोबाइलवर मेसेज आला. तिला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून ती जिना धावत उतरून आली, अनवाणी. मी वाचलं. पोरीचा नंबर लागला होता, त्याच शाळेत, पहिल्याच यादीत. मी तिला सांगितलं आणि आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. मी कॉलेजात खडूस म्हणून प्रसिद्ध आहे, हे कृपया कुणाला सांगू नका.

संध्याकाळी ती पेढे घेऊन आली. पहिला पेढा सासूबाईंच्या हातावर ठेवला आणि पोरीला त्यांच्या पाया पडायला लावलं. सासूबाईंनी पेढा तोंडात घातला नाही. तसाच धरून बसल्या, पोरीकडे बघत.

"कागदावर बोट दिलं आनि घरात कायतरी आलं," त्या म्हणाल्या. "असं मी पैल्यांदाच बघतंय."

 नवरा उगाच पंख्याचं बटण बघू लागला. पोरगी मात्र पेढ्याकडे टक लावून उभी होती. सासूबाईंनी पेढा मोडला, मोठा तुकडा तिला दिला, लहान स्वतः खाल्ला आणि बोटं पदराला पुसून माझ्याकडे वळल्या.

"उरलेल्या सात खोल्यांचं कवा करतेस? रजा टाक."

मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली.